राहिलेल्या गोळ्या

माझ्या वडिलांना कोणी काही समजावून सांगत असलं की ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, दोनदा मान हलवायचे आणि उठून स्वतःच्या मनासारखं करायचे. त्यात उर्मटपणा नसायचा. समोरच्याला वाटायचं, चला, यांच्या डोक्यात शिरलं एकदाचं. मला मात्र त्या मान हलवण्याचाच राग यायचा. मीही त्यांचीच मुलगी, तोंडाने फटकळ. आम्ही दोघं पाच मिनिटं सरळ बोललो तर आई बाहेर जाऊन बघायची, आज सूर्य कुठून उगवला म्हणून.

आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. साकोली तालुक्यात, एकोडीहून थोडं आत आमचं गाव, आणि गावाला लागून मोठा मालगुजारी तलाव, जुन्या जमीनदारांनी बांधलेला. तलावातले मासे गावच्या मासेमारी संस्थेचे. संस्था म्हटलं की लोकांना फार मोठं काहीतरी वाटतं, पण ती म्हणजे आमच्याच मोहल्ल्यातली घरं. तिथे सगळं पाळीवर चालतं. जाळं ओढायची पाळी, पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून तलाव राखायची पाळी, मासे बाजारात न्यायची पाळी. कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणी तापाने पडलं, तर त्याची पाळी राहते, आणि राहिलेली पाळी त्याने मागाहून भरून द्यायची असते. दोन राहिल्या तर दोन, पाच राहिल्या तर पाच. हे कुठे लिहिलेलं नसतं आणि कोणी तोंडाने मागतही नाही. पण जो भरत नाही त्याच्याकडे लोक कसे बघतात ते मी लहानपणापासून बघत आले आहे. बाबांच्या वाट्याला तसं बघणं कधी आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास एकदा पारीवर बसल्या बसल्या त्यांची छाती धडधडायला लागली आणि थांबेचना. घरी येऊन आईला म्हणाले, "छातीत झिंगे उडून राहिले." आईला वाटलं, गॅस झाला. ओवा झाला, सोडा झाला, झिंगे काही खाली बसले नाहीत. शेवटी मी सासरहून, लाखनीहून आले, त्यांना भंडाऱ्याला नेलं, आणि तिथे कळलं की हृदयाचे ठोके तालात पडत नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ही ठोके ताब्यात ठेवते, बंद करायची नाही आणि वाढवायचीही नाही, असं त्यांनी नीट सांगितलं. बाबांनी दोनदा मान हलवली.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर आजारपणात राहिलेल्या राखणीच्या सगळ्या पाळ्या एका दमात भरून दिल्या. थंडीचे दिवस, आणि हा माणूस कांबळं पांघरून पारीवर ठाण मांडून बसलेला. आईने फोन केला तेव्हा मी दुकान नवऱ्यावर सोडून गेले. लाखनीत हायवेला लागून आमचं झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. तिथून एसटीने साकोली आणि पुढे मिळेल त्या वाहनाने गाव. भांडायला म्हणून गेले आणि भांडूनच परत आले. बाबा म्हणाले, राहिलेलं डोक्यावर ठेवून मला झोप लागत नाही.

त्या गोळीने ठोके जागेवर आले, पण बाबांचं तिच्याशी कधी जमलं नाही. तोंडात लोखंड चाखल्यासारखी चव राहते म्हणायचे. आणि चक्कर यायची. घरात बसून असणाऱ्याला तेवढी चक्कर कळतही नसेल, पण छातीभर पाण्यात उभं राहायचं, पायाखाली गाळ, हातात जाळ्याचा दोर, तिथे डोकं जरा फिरलं की माणूस गेलाच. हे ते मला सांगायचे आणि मी त्यांना डॉक्टरला सांगा म्हणायची. डॉक्टरसमोर गेले की हे आपले गप्प. तिथे त्यांना काही होतच नसे.

गोळ्या ठेवायची सोय त्यांनी आपल्या पद्धतीने लावली होती. पट्टी आणली की सगळ्या गोळ्या फोडून तंबाखूच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत भरायच्या आणि ती डबी कमरेला खोचायची. ओल्या बोटांनी पट्टीची पन्नी फाटत नाही, म्हणायचे. रिकाम्या पन्न्या आई घ्यायची. आमच्या अंगणात बाराही महिने मासोळ्या वाळत असतात आणि कावळ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. दोरीला पन्न्या बांधल्या की त्या वाऱ्यात फडफडतात, उन्हात चमकतात, आणि कावळे जरा बिचकतात. बाबांच्या गोळ्यांच्या पन्न्या, आईच्या गुडघ्याच्या, शेजारणीच्या साखरेच्या, सगळ्या एका दोरीवर. अख्ख्या मोहल्ल्याचा दवाखाना वाळत घातलाय, असं मी आईला चिडवायची.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की मोठी मासेमारी होते. काही दिवस सगळा मोहल्ला पाण्यात असतो, आणि शेवटच्या दिवसाला लग्न झालेल्या लेकींना मासे खायला बोलावतात. आमच्यात दिवाळीला लेक आली नाही तर चालतं, पण मोठ्या मासेमारीला आली नाही तर शेजारी विचारतात, काय बिनसलं म्हणून. त्या वर्षी मीही गेले. सकाळी पोचले ती घरी न जाता सरळ तलावावर. बाबा पाण्यात होते, दोराच्या टोकाला, त्यांच्या मुलांच्या वयाच्या माणसांबरोबर. जाळं आवळत आलं तसे रोहू उसळायला लागले आणि बाबा मोठ्याने हसले. मला इतकं बरं वाटलं ते पाहून. वाटलं, आजार गेला आमच्या घरातून.

जाळं बाहेर आलं, मासे निवडले गेले, प्रत्येक घराचा वाटा वेगळा निघाला. मासे न्यायला आलेली व्यापाऱ्याची पिकअप बर्फाचे खोके घेऊन पारीखाली उभी होती. मी आमचा वाटा घेऊन पुढे निघाले, बाबा जाळं धुऊन मागून आले. अंघोळ केली, अंगणातल्या मांडवाखाली बसले. आईने मरळीचा रस्सा केला होता. पहिल्या दोन घासांनंतर ते थांबले आणि डोळे चोळायला लागले. सगळं पिवळं दिसते म्हणाले. बोलणं जड येत होतं. मला वाटलं, ऊन लागलं. सकाळपासून उघड्या डोक्याने पाण्यात उभा माणूस, दुसरं काय असणार? उकडलेल्या कैरीचं पन्हं करायला मी आत वळले आणि मागे ताट पडल्याचा आवाज झाला.

बाबा एका कुशीवर पडले होते. डोळे वर गेलेले, दात घट्ट मिटलेले, आणि सगळं अंग झटके देत होतं. मी तोवर मिरगीचा झटका कधी समोर पाहिला नव्हता. पाहिला असता तरी आपल्या बापाच्या अंगात तो पाहायची तयारी कोणाची असते? मी त्यांचे खांदे धरले. त्या अंगात इतका जोर होता की मी धरून काही उपयोग नव्हता, आणि त्या जोरात ते स्वतः कुठेच नव्हते.

मोहल्ला गोळा झाला. कोणी चामड्याची चप्पल नाकाला लावायला धावलं, कोणी हातात किल्ली दिली, एकाने दातांत घालायला चमचा आणला. तोंडात काही घालू नका, एवढं मी ओरडले, कारण फोनवर कुठेतरी तसं पाहिलं होतं. बाकी मला काही येत नव्हतं. त्यांना कुशीवर ठेवायचं आणि वाट बघायची. झटका थांबला, श्वास घरघरत आला, आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं, आणि पुन्हा सुरू झालं. तेवढ्या वेळात एक शब्द अंगणातून गल्लीत आणि गल्लीतून पारीपर्यंत गेला होता. मिरगी.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लागला, पण ती दुसऱ्या गावाला गेलेली होती, यायला वेळ होता. मासे भरून निघालेली पिकअप कोणीतरी थांबवली. व्यापारी भला माणूस, त्याने खोके एका बाजूला सारले आणि आम्ही बाबांना मागे सतरंजीवर निजवलं. बर्फाचं पाणी खालून वाहत होतं. मांडीवर त्यांचं डोकं घेऊन मी बसले, दोन माणसं बाजूला. आईला घरीच ठेवलं, मागे जागा नव्हती. मानेवर बोट ठेवलं तर ठोका लागायचा, मग कितीतरी वेळ काही नाही, मग पुन्हा एक. पिकअप खड्ड्यातून उडाली की मला वाटायचं, गेला तो ठोका. साकोलीपर्यंतच्या त्या रस्त्याने मी जन्मभर गेलेली आहे. इतका लांब तो कधीच नव्हता.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आल्या आल्या झटका थांबवायचं इंजेक्शन दिलं, छातीला तारा लावल्या आणि मशीनमधून निघालेल्या कागदाकडे बघत राहिली. मी शेकड्याने कागद रोज बघते, कोणाचा दाखला, कोणाचा सातबारा, पण त्या कागदावरच्या रेघा मला काही सांगेनात. तिने विचारलं, आधी कधी मिरगी आली होती का? नाही. डोक्याला मार लागला? नाही. कोणती औषधं चालू आहेत?

"हृदयाची गोळी," मी म्हणाले. "ठोक्यांची."

"नाव काय?"

मला नाव माहीत नव्हतं. बाबा नेहमी साकोलीच्या दुकानातून स्वतः आणायचे. कमरेची डबी काढून दिली तर ती रिकामी. तळाला थोडी पांढरी भुकटी. गोळी कशी दिसते, तिने विचारलं. पांढरी, गोल, मी सांगितलं. "ताई, सगळ्याच पांढऱ्या गोल असतात," ती म्हणाली, आणि ते रागाने नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं. ठोक्यांची औषधं अनेक असतात, त्यातलं कोणतं हे कळल्याशिवाय पुढचं औषध अंदाजाने द्यावं लागेल, आणि अंदाज चुकला तर उलटंही होऊ शकतं, असं तिने मला समजावलं. माझा बाप समोर पडला होता आणि त्याच्या गोळीचं नाव मला सांगता येत नव्हतं.

मग मला दोरी आठवली. शेजारच्या काकांना फोन लावला. हे काका बाबांबरोबर लहानपणापासून पाण्यात उतरणारे, संस्थेत शब्द चालणारे. त्यांना सांगितलं, अंगणात जा आणि पन्न्यांचे फोटो काढून पाठवा. त्यांच्या फोनला रेंज जात-येत होती. एक फोटो आला, त्यात गुडघ्याची गोळी. दुसरा आला, तो हलल्यामुळे नुसता उजेड. काही पन्न्यांवरची अक्षरं उन्हाने आणि मासोळीच्या पाण्याने पुसून गेलेली. आई एकेक पन्नी सोडून त्यांच्या हातात देत होती. तिला वाचता येत नाही. फोनवर मला तिचा आवाज मागून ऐकू येत होता, ही पाहा भाऊ, आता ही पाहा. शेवटी एक नवी पन्नी सापडली, बहुतेक याच आठवड्यात बांधलेली. डॉक्टरणीने फोटो मोठा करून पाहिला आणि ती लगेच नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलायला गेली.

परत आली ती म्हणाली, ही गोळी गरजेपेक्षा जास्त पोटात गेली तर ठोके मंदावतात, आणि असे झटकेही येऊ शकतात. किती खाल्ल्या? पुन्हा तेच. मी पुन्हा फोन लावला. काका म्हणाले, "जाळं धुतल्यावर तेनं डबी हातावर उलटी केली अन् पाणी मागतलं. मूठभर होत्या. मले वाटलं, कमजोरीच्या होत असतीन."

मूठभर कशा? मी विचारलं. तर मागून आई बोलली. तिने फोन हातात घेतला.

"मासेमारी सुरू झाली तईपासून तेनं गोळी खाल्लीच नाही वं. पान्यात चक्कर येते म्हने. संपली का खाईन म्हने."

मला त्या क्षणी सगळं कळलं, डॉक्टरणीच्या आधी कळलं. गोळ्या राहिल्या होत्या. मासेमारीच्या सगळ्या दिवसांच्या, सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या. आणि मासेमारी संपताच बाबांनी त्या भरून दिल्या, एका दमात, जसं ते कायम सगळंच भरून देत आले होते. त्यांच्या दृष्टीने ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच वागले होते. एकही गोळी बुडवली नव्हती. हे मी त्या डॉक्टरणीला पाळीसकट सांगायला लागले, अर्ध्यातच मला रडू फुटलं. तिला कितपत कळलं कोण जाणे. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नागपूरला न्यायचे कागद करायला घेतले.

अ‍ॅम्ब्युलन्स नागपूरकडे निघाली. वाटेत लाखनी लागतं. नवऱ्याला फोन केलेला होता, तो कपड्यांची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असलेला मला काचेतून दिसला. नेमकी तेव्हाच बाबांना पुन्हा झटका आला होता, आतला माणूस इंजेक्शन भरत होता, गाडी थांबवायला सांगायची कोणाची छाती होती? आम्ही त्याच्या समोरून निघून गेलो. तो पिशवी वर करून दोन पावलं धावला आणि ट्रकांच्या मागे दिसेनासा झाला. नागपूर येईपर्यंत मी देवाचं नाव घेतलं की नाही ते मला आठवत नाही. बाबांना शिव्या मात्र दिल्या, मनातल्या मनात, आई देते तशा.

नागपूरला काचेच्या आत त्यांना ठेवलं आणि आम्ही काचेच्या बाहेर. नवरा मागून बसने आला. आई दुसऱ्या दिवशी आली आणि जिन्याखाली बसून राहिली. मी तिथे विचारायला जायची आणि मला सांगायचे, थांबा. औषध उतरायला वेळ लागतो, आपण फक्त ठोके सांभाळतोय. थांबणं मला कधी जमलेलं नाही. दुकानात गिऱ्हाईक थांबलं तरी मला घाई होते. तिथे मी काचेतून त्या पडद्यावरची हिरवी रेघ बघत तासन्‌तास उभी राहिले. ती वर गेली की बरं की खाली गेली की बरं, हेही मला ठाऊक नव्हतं.

बाबा वाचले. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की झटके बहुधा गोळ्यांमुळेच आले. हृदयाला आवरणारं औषध फार झालं की मेंदूवरही त्याचा असा परिणाम होऊ शकतो. डोक्याचा फोटो चांगला आला होता. मी म्हटलं, म्हणजे पुन्हा येणार नाहीत ना? ते म्हणाले, येऊ नयेत. पण खात्रीने मी काहीच सांगणार नाही, या वयात दुसरीही कारणं असतात. मी त्यांच्या त्या "बहुधा"ला धरून बसले. दुसरं धरायला काही नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी आधी विचारलं ते मासे कोणी नेले. मग मी विचारलं. रागावून विचारायचं ठरवलं होतं, हळूच विचारलं गेलं.

"बाबा, काहून खाल्ल्या एवढ्या?"

"राहिल्या होत्या ना," ते म्हणाले. "भरून देल्या."

डॉक्टरांनी त्यांना समजावलं की राहिलेली गोळी सोडून द्यायची, पुढची तिच्या वेळेला घ्यायची, दुप्पट कधीच नाही. बाबा नवलाने बघत राहिले. आयुष्यात राहिलेली कुठलीही गोष्ट सोडून द्यायची असते हे त्यांना पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. मग त्यांनी दोनदा मान हलवली, आणि आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

गोळी कमी केली, पट्टीतच ठेवायची सक्त ताकीद मिळाली, आणि आम्ही गावी आलो. वाटलं होतं, सुटलो. पण गावात तो शब्द आमच्या आधी पोचून बसला होता. मिरगीवाला माणूस पाण्यात उतरत नाही. आमच्यात हा नियम आहे, आणि वाईट म्हणजे तो शहाणपणाचा नियम आहे. एकाला पाण्यात झटका आला तर त्याला धरणारेही बुडतात. काका घरी आले, बाबांची तब्येत विचारली, आणि मग मला अंगणात बाजूला बोलावलं. मी त्यांना सांगितलं की ही मिरगी नाही, औषध जास्त झालं म्हणून झालं, डॉक्टरांनी सांगितलं आहे. डोक्याचा फोटो दाखवला. ते शांतपणे ऐकत होते.

"मंग डॉक्टरकडून लिहून आन ना का पुन्हा येनार नाही," ते म्हणाले. "मी सगळ्यायले समजावतो."

मी दुसऱ्या दिवशी नागपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, असं लिहून देता येत नाही. त्यांचंही चुकलं नव्हतं. काकांचंही चुकलं नव्हतं. मला कोणावर तरी चिडायचं होतं आणि चिडायला माणूस सापडत नव्हता. काका मग बाबांना म्हणाले, तुझं आम्ही सगळे मिळून पाहून घेऊ, वाटा घरी येईल, तू आराम कर. चांगल्या मनाने म्हणाले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या नावाची एकही पाळी गावात उरली नाही.

तलाव समोर दिसत राहिला तर हा माणूस खचून जाईल म्हणून मी दोघांना लाखनीला घेऊन आले. आई रुळली. बाबा दुकानाच्या पायरीवर बसून हायवेवरचे ट्रक बघतात. सुरुवातीला गिऱ्हाइकांशी बोलायचे, आता फारसे बोलत नाहीत. गोळी मी देते. पट्टीतून काढून हातावर ठेवते, ते पाण्याबरोबर गिळतात आणि मग तोंड उघडून दाखवतात. असं दाखवा म्हणून मी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणच सुरू केलं. ते उघडं तोंड बघायला माझ्या जिवावर येतं.

परवा सकाळी गोळी दिली आणि थोड्या वेळाने त्यांना उलटी झाली. रात्रीचं काहीतरी बाधलं असावं. मागच्या नळाजवळ सगळं पडलं. मी काडी घेऊन खाली बसले आणि त्यात गोळी शोधायला लागले. पोहे होते, चहा होता, गोळी दिसेना. विरघळून पोटात राहिली, की विरघळून बाहेर आली? राहिली असेल आणि मी दुसरी दिली तर पुन्हा ते सगळं. बाहेर पडली असेल आणि मी दिली नाही तर ठोके सुटायचे. नागपूरच्या डॉक्टरांचा फोन बंद होता. समोरच्या औषधाच्या दुकानातला म्हणाला, लगेच झाली असेल तर देऊन टाका. नवरा म्हणाला, अजिबात देऊ नकोस. किती वेळाने झाली, हे आम्हा कोणालाच नीट सांगता येईना. मी एका हातात पट्टी घेऊन बाबांसमोर उभी राहिले.

मला वाटलं होतं, ते म्हणतील दे. पूर्वीचे बाबा असते तर हातातून पट्टी ओढून घेतली असती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय ठरवते ते बघत. मी म्हणाले, राहू द्या बाबा आजची. त्यांनी बरं म्हटलं आणि खाटेवर आडवे झाले. इतक्या पटकन त्यांनी माझं ऐकलं याचा मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

मी खाटेच्या कडेला बसले आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. ठोके लागत होते. मध्येच एखादा चुकल्यासारखा वाटायचा, मग मी पुन्हा पहिल्यापासून मोजायची. त्यांचे डोळे उघडे होते.

"तुले भेव लागून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मलेबी," ते म्हणाले, आणि मी हात उचलायला लागले तर त्यांनी तो धरून ठेवला.